शाळेचा निकाल आणि शाळेचा पट

प्राथमिक शाळेच्या कामाचे मोजमाप करावयाचे झाले की निकालाचा आकडा प्रथम पुढे येतो. एका शाळेत तिसरीच्या दहा मुलांपैकी सात मुलांना उतारा वाचता आला, दुसऱ्या शाळेत चारच मुलांना आला, एवढे ऐकले की दोन्ही शाळांविषयी आणि तेथील शिक्षकांविषयी ऐकणाऱ्याचे मत तयार होते. हा आकडा कोणत्या मुलांचा, ती मुले वर्षातून किती दिवस शाळेत होती, घरी कोणती बोली बोलतात, आणि जी मुले मोजणीच्या दिवशी वर्गात नव्हती त्यांचे काय झाले, ही विचारपूस क्वचितच होते. वस्तुतः शेकडेवारी हा एक अपूर्णांक आहे. त्याला अंश असतो तसा छेदही असतो. निकालाच्या चर्चेत सर्वांची दृष्टी अंशावर खिळलेली असते. छेद म्हणजे शाळेचा पट, आणि तो मात्र न वाचताच बाजूला ठेवला जातो. खानदेशातील शाळांच्या बाबतीत तर पट नीट वाचल्याखेरीज निकालाचा अर्थच लागत नाही.

जुन्या खानदेश जिल्ह्याची १९०६ साली पूर्व व पश्चिम अशी विभागणी झाली. पुढे पूर्व खानदेशास जळगाव व पश्चिम खानदेशास धुळे ही नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. आज धुळे जिल्ह्यात चार तालुके आहेत, जळगावात पंधरा. २०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात साक्षरतेचे प्रमाण शेकडा सुमारे ७३, तर जळगावात सुमारे ७८ होते. लोकसंख्येतील अनुसूचित जमातींचा वाटा धुळ्यात शेकडा ३१ हून अधिक, तर जळगावात सुमारे १४ होता. जिल्ह्याचा आराखडा करणाऱ्यास हे आकडे उपयोगी आहेत. वर्गावरील शिक्षकास मात्र त्यांचा उपयोग थोडाच, कारण सरासरीच्या पोटात फार मोठे अंतर दडलेले असते. शिरपूर तालुक्यात तापीकाठचे बागायती गाव आणि सातपुड्यातील पावरा पाडा एकाच पंचायत समितीच्या यादीत एकाखाली एक येतात. यावल व रावेर तालुक्यांत केळीच्या बागा जेथे संपतात तेथून पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, तडवी व पावरा वस्त्या लागतात. साक्रीच्या पश्चिमेस भिल्ल व कोकणी समाजाची गावे आहेत. चाळीसगाव, पाचोरा, जामनेर या भागांत बंजारा तांडे आहेत. सपाटीवरील मोठ्या गावाच्या कडेला बहुधा भिलाटी असतेच. एकाच वर्गात गावातल्या पक्क्या घरातले मूल, भिलाटीतले मूल आणि मळ्यात राहणाऱ्या सालदाराचे मूल शेजारी शेजारी बसलेले असते.

शाळेच्या दप्तरात या भिन्नतेचा मागमूस कितपत लागतो? जनरल रजिस्टरात जात, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याचा दिनांक व कारण इतके तपशील मिळतात. पालकाच्या व्यवसायाची नोंद जेथे केलेली असते तेथे बहुधा एकच शब्द आढळतो: शेती. वीस एकर केळीचा बागायतदार, दोन एकर कोरडवाहू कापसावर भागविणारा, मालकाच्या शेतात सालाने राहणारा, आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन गाव सोडणारा, या चौघांच्याही नावापुढे 'शेती'च. जातीची नोंद अधिक काटेकोर असते, परंतु तिच्यावरूनही मुलाची वर्गातील अडचण कळेलच असे नाही. सपाटीवरील भिलाटीतले मूल घरी पुष्कळदा अहिराणी वळणाचेच बोलते. सातपुड्यातील पावरा मूल पावरी बोलते आणि मराठी बऱ्याच अंशी शाळेतच प्रथम ऐकते. रजिस्टरात दोघेही अनुसूचित जमातीचे. त्या दोघांना अक्षरओळख करून देण्याची रीत मात्र एक असू शकत नाही.

घरच्या परिस्थितीतील कितीतरी गोष्टींचा परिणाम मुलाच्या शिकण्यावर होतो. घरात कोणाला वाचता येते की नाही, संध्याकाळी दिव्याखाली बसावयास जागा आहे की नाही, सकाळी पोटात काही गेले आहे की नाही, हे सर्व शिक्षक जाणतातच. परंतु खानदेशातील शाळांपुरते पाहिले तर दोन गोष्टींनी निकालात सर्वांत अधिक फरक पडतो असे दिसते. एक घरची बोली, आणि दुसरी वर्षातील गैरहजेरीचा काळ.

प्रथम बोलीविषयी. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात नव्हे, तर १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडात भिल्ल भाषांबरोबर स्थान देण्यात आले. विद्वानांचा तो वाद येथे बाजूला ठेवला तरी शिक्षकाने एवढे ध्यानात घेणे प्राप्त आहे की, अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकाची मराठी जवळची असली तरी ती त्याची स्वतःची नव्हे. ते मूल 'मला' न म्हणता 'माले' म्हणते, 'माझा' न म्हणता 'मना' म्हणते, 'येथे' न म्हणता 'आठे' म्हणते. मुलगा म्हणजे त्याचा 'आंडोर' आणि मुलगी म्हणजे 'आंडेर'. यावल, रावेर, भुसावळ या बाजूच्या लेवा बोलीत 'डोळा' चा 'डोया' होतो आणि 'काळा' चा 'काया'. 'पाणी' चे 'पानी' तर दोन्ही बोलींत होते.

आता श्रुतलेखनाचा प्रसंग घ्यावा. शिक्षकांनी 'डोळा' हा शब्द सांगितला आणि मुलाने 'डोया' लिहिले. वहीवर फुली पडते आणि ते मूल 'लेखन येत नाही' या रकान्यात जाते. वस्तुतः त्या मुलाने केले काय? कानावर आलेला शब्द त्याने आपल्या बोलीत ओळखला, त्यातील ध्वनी सुटे केले आणि प्रत्येक ध्वनीस योग्य अक्षर दिले. लेखनाचे जे मूळ कौशल्य ते त्याला साधलेले आहे. राहिला आहे तो प्रमाणभाषेतील एक वर्ण. शेजारच्या मुलाने 'डळो' किंवा नुसते 'ड' लिहिले असेल, तर त्याची अडचण अगदी निराळी आहे. अक्षर व ध्वनी यांचा संबंधच त्याच्या मनात अद्याप बसलेला नाही. दोघांच्या वहीत एकसारखीच फुली, दोघांची गणना एकाच रकान्यात, आणि पुढील महिन्यात दोघांना एकच उपचारात्मक अध्यापन, असे झाले की पहिल्याचा वेळ फुकट जातो व दुसऱ्याची अडचण तशीच राहते. पहिल्यास प्रमाण शब्दांचा परिचय हवा, आणि तो वाचनातून, गोष्टीतून, गाण्यातून सहज होतो. दुसऱ्यास बाराखडीच्या मागे जाऊन ध्वनी ऐकण्यापासून आरंभ करावा लागतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर जळगावजवळील असोदे हे होय. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. इतरांनी टिपून ठेवलेल्या त्यांच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, पाठ्यपुस्तकांतूनही आल्या, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या कवितेत जो शब्द मानाने छापला जातो तोच शब्द त्यांच्याच मुलखातील मुलाच्या वहीत तांबड्या शाईने खोडला जावा, ही विसंगती शिक्षकांच्या नजरेतून सुटू नये.

पावरी बोलणाऱ्या मुलाची अडचण याहून खोल आहे. पहिलीत आलेले असे मूल कित्येक महिने गप्प बसते, आणि गप्प बसणारे मूल मंद समजले जाण्याचा धोका असतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे सांगतो, २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच सांगते. पण पाड्यावर बदलून आलेल्या शिक्षकास पावरी येत नसेल तर तरतूद कागदावरच राहते. अशा ठिकाणी शिक्षकाने निदान शे-दोनशे शब्द शिकून घ्यावेत. ये, बैस, घर, भूक, दुखते, भीती, पुन्हा सांग, इतक्या शब्दांनीही पहिलीच्या वर्गाचे रूप बदलते. वरच्या वर्गातील मुले ते आनंदाने शिकवितात, आणि त्या निमित्ताने शिक्षक व विद्यार्थी यांच्या भूमिकांची अदलाबदल होते, हाही एक लाभच आहे.

दुसरी गोष्ट गैरहजेरीच्या काळाची. दिवाळी झाली की धुळे व जळगाव जिल्ह्यांच्या अनेक गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांकडे, काही पश्चिम महाराष्ट्राकडे. घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही बरोबर जातात. ती परततात होळीच्या सुमारास, किंवा त्याहीनंतर. अधिनियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस ठरले आहेत. अशा मुलाच्या वाट्याला त्यांतील निम्मे दिवस येतात असे ढोबळमानाने धरले, तर पहिली ते तिसरी या तीन वर्षांच्या ६०० दिवसांपैकी सुमारे ३०० दिवसच ते शाळेत असते. म्हणजे तिसरीच्या अखेरीस त्याचे शिक्षण दीड वर्षाचेच झालेले असते, आणि त्याची तुलना तीन वर्षे बसलेल्या मुलाशी होते.

तथापि नुकसान केवळ दिवसांचे असते असे समजू नये. दरवर्षी बुडतो तो नेमका तोच भाग. जूनपासून दिवाळीपर्यंतचे पाठ त्या मुलाच्या वाट्याला तीनही वर्षे येतात. दुसऱ्या सत्राचे पाठ एकाही वर्षी येत नाहीत. पुस्तकाच्या उत्तरार्धात जे घटक येतात त्यांच्या जागी त्याच्या ज्ञानात कायमची पोकळी राहते, आणि पुढील वर्षाचा पूर्वार्ध त्याच पोकळीवर उभा करावयाचा असतो. म्हणून ते मूल काही गोष्टी चांगल्या सांगते आणि काही अगदी सोप्या गोष्टींत अडते. शिक्षकास त्याचा स्वभाव चंचल वाटतो. कारण स्वभावात नसते, दिनदर्शिकेत असते.

गाव न सोडताही पुष्कळ मुलांचे दिवस बुडतात. कापसाची वेचणी सुरू झाली की मोठी मुले शेतात जातात, आणि आई वेचणीस गेली म्हणून धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी तिसरी-चौथीतील मुलगी घरी राहते. सालदाराचे साल संपले की मालक बदलतो, मालकाबरोबर पुष्कळदा गावही बदलते, आणि मुलाचा दाखला मागे राहून जातो. होळीपूर्वी सातपुड्याच्या पट्ट्यात भोंगऱ्या बाजार भरू लागला की पावरा वस्तीतील शाळा ओस पडतात. त्या दिवसांत शाळा उघडी ठेवून अनुपस्थितीच्या फुल्या मांडण्यापेक्षा मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्टी तेव्हा देणे शहाणपणाचे. दाखल्याच्या बाबतीत मात्र अधिनियमाची तरतूद स्पष्ट आहे: दाखला येण्यास विलंब झाला या कारणास्तव मुलास प्रवेश नाकारता येत नाही, लांबविताही येत नाही.

हे सर्व हजेरीपत्रकात लिहिलेलेच असते. परंतु हजेरीपत्रक वाचण्याची रूढ पद्धत उभी आहे: त्या दिवशी किती हजर, महिन्याची सरासरी किती. तेच पत्रक आडवे वाचावे. एका नावासमोरून जूनपासून मार्चपर्यंत नजर फिरवली की त्या घराचे वर्ष डोळ्यांपुढे उभे राहते. दर सोमवारी गैरहजर राहणारी मुलगी, नोव्हेंबरपासून पुढे कोरा राहिलेला मुलगा, पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की एकदम अनुपस्थित होणारी मळ्यातली चार नावे, यांतील एकही गोष्ट सरासरीत दिसत नाही.

येथे एका व्यावहारिक बाबीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. शिक्षकांची पदे ठरविण्यासाठी सामान्यतः ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत राहिली आहे. ऊसतोड्याचे मूल त्या दिवशी पटावर असते, किंबहुना कित्येक लहान शाळांचे दुसरे पद अशा दोन-चार मुलांच्या नावावर टिकलेले असते. तेच मूल फेब्रुवारीच्या चाचणीत नको असते. पद मोजताना ज्याला धरले त्याला शिकवताना वगळणे न्यायाचे नाही, आणि हिशेबाच्या दृष्टीनेही खरे नाही. समजा, तिसरीत २० मुले आहेत व त्यांपैकी ११ मुलांना वाचता येते. प्रमाण शेकडा ५५. स्थलांतर केलेली ४ मुले पटावरून कमी केली, आणि त्यांपैकी एकालाही वाचता येत नव्हते असे धरले, तर १६ पैकी ११, म्हणजे शेकडा सुमारे ६९. चौदा अंकांनी निकाल वाढला आणि एकही मूल एकही नवे अक्षर शिकले नाही. कमी केलेल्या नावांपैकी एखादे पुन्हा कधीच पटावर येत नाही. तेव्हा त्या चौदा अंकांची किंमत कोणी दिली हे उघड आहे.

हा अनुभव नवा नव्हे. १९२९ सालच्या हारटॉग समितीने सबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील पटाचा असाच पाठलाग केला होता. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत अवघी १८ उरली होती. चौथीचा निकाल पाहणाऱ्यास त्या अठरांचीच प्रगती दिसत असे, ब्याऐंशी दिसत नसत. आज गळतीचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे; मुले पटावर राहतात, वर्गोन्नतीही मिळते. म्हणूनच न दिसणारी गळती आता पटाच्या बाहेर नसून पटाच्या आत असते.

उलट प्रकारची चूकही घडते, आणि ती प्रामाणिक शिक्षकांवर अन्याय करते. अलीकडील वर्षांत गावोगावची सुस्थितीतील मुले तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली आहेत. सकाळी गावच्या चौकात पिवळी गाडी येते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारावरून निघून जाते. मागे राहतात ती बहुतांशी मजुरांची मुले. आता एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. दहा वर्षांपूर्वी एका शाळेच्या तिसरीत ३० मुले होती. २० मुलांच्या घरी कोणी तरी शिकलेले होते व त्यांपैकी १६ मुलांना उतारा वाचता येई, उरलेल्या १० मजुरांच्या मुलांपैकी ४ मुलांना येई. एकूण ३० पैकी २०, म्हणजे शेकडा ६७. आज त्याच वर्गात २१ मुले आहेत. शिकलेल्या घरची ५ व मजुरांची १६. पहिल्या पाचांपैकी ४ वाचतात, दुसऱ्या सोळांपैकी ८. एकूण २१ पैकी १२, म्हणजे शेकडा ५७. शाळेचा निकाल दहा अंकांनी घसरला असे अहवालात लिहिले जाईल. प्रत्यक्षात पहिल्या गटाचे प्रमाण पूर्वीइतकेच, शेकडा ८०, आहे. मजुरांच्या मुलांचे शेकडा ४० वरून ५० वर गेले आहे. शाळा सुधारली आहे. पट बदलला आहे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ही दोन वाक्ये ठेवता यावयाची तर शिक्षकाजवळ ती विगतवारी असली पाहिजे. नुसत्या तक्रारीच्या सुराने ते काम होत नाही.

परंतु याच ठिकाणी पाय घसरण्याचाही संभव आहे. 'आमची मुलेच अशी' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत कधीकधी ऐकू येते, आणि पटाचा अभ्यास त्या वाक्यास आधार देण्यासाठी होऊ लागला तर न केलेला बरा. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने सुमारे सहा लक्ष विद्यार्थ्यांची पाहणी केली. मुलांच्या यशापयशाशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा संबंध अधिक आहे असे त्या अहवालात दिसले, आणि त्यावरून शाळेने काही फरक पडत नाही असा सोयीस्कर अर्थ पुष्कळांनी काढला. त्याच अहवालात असेही होते की, शाळा चांगली की वाईट याचा परिणाम वंचित गटांतील मुलांवर अधिक होतो. पुढे १९८३ साली हेनेमन व लॉक्सली यांनी २९ देशांची तुलना केली, तेव्हा देश जितका गरीब तितका शाळेचा व शिक्षकाचा वाटा मोठा असे आढळले. हे समजण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याची तशी गरज नाही. ज्या घरात पुस्तक आहे, वडील वर्तमानपत्र वाचतात, शिकवणी लावता येते, तेथील मुलास शाळेने कमी दिले तरी ते दुसरीकडून मिळवते. भिलाटीतील मुलास वाचन मिळेल तर शाळेतच मिळेल. शाळेने न दिलेले त्याला दुसरीकडून मिळण्याची सोय नाही. पट जितका दुर्बळ तितके शिक्षकाचे काम परिणामकारक, असाच याचा अर्थ होतो.

मोठ्या पाहण्यांच्या आकड्यांविषयी थोडे सांगून पुढे जाणे योग्य. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण किंवा २०२४ चे परख सर्वेक्षण हे निवडक शाळांवरून जिल्ह्याचे व राज्याचे चित्र काढतात. त्यावरून एखाद्या गावच्या शाळेची पत ठरविता येत नाही. २००५ पासून होत असलेली 'असर' पाहणी ग्रामीण भागात घरी जाऊन केली जाते, त्यामुळे त्या दिवशी शाळेत नसलेले मूलही तिच्यात येऊ शकते. हा तिचा विशेष शिक्षकांनी आपल्या पातळीवर अनुकरण करण्याजोगा आहे.

लहान शाळेत तर शेकडेवारी काढूच नये. तिसरीत सहा मुले असतील तर एका मुलाने शेकडा सतरा अंकांचा फरक पडतो. एक हुशार मुलगी दाखला घेऊन गेली की शाळेचा निकाल कोसळतो. सहा मुलांची शेकडेवारी नसते, सहा नावे असतात. शिक्षकाने एक साधा कागद घ्यावा आणि त्यावर वर्गातील नावे लिहून प्रत्येक नावासमोर घरची बोली, वस्ती, गेल्या वर्षी प्रत्यक्ष हजर दिवस, घरात वाचता येणारी व्यक्ती, आणि आज त्या मुलास नेमके काय येते व कोठे अडते, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. 'पहिलीत २०२१-२२ मध्ये दाखल झालेली मुले आज कोठे आहेत' असा एक कागद जनरल रजिस्टरावरून वेगळा करावा. आधीच तक्त्यांच्या व ऑनलाइन माहितीच्या ओझ्याखाली असलेल्या शिक्षकास आणखी एक तक्ता नको असतो हे खरे. म्हणूनच हा कागद वर पाठवावयाचा नाही. तो टेबलाच्या खणात राहावा, आणि शिक्षकाची बदली झाली तर नव्या शिक्षकाच्या हाती द्यावा. आज बदलीबरोबर ही सर्व माहिती गावाबाहेर जाते आणि नवा शिक्षक पहिल्यापासून चाचपडू लागतो. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावयाचे असतात तेथे तर या कागदाची उपयुक्तता अधिक, कारण मुलांचे गट इयत्तेवर न करता अडचणीवर करता येतात. 'डोया' लिहिणारी तिसरीतली मुले आणि चौथीतली मुले एका गटात बसली तर बिघडत नाही.

या कागदाचे पहिले काम ऑक्टोबरात पडते. कोणत्या घरचा कोयता बांधला गेला आहे, म्हणजे मुकादमाची उचल कोणी घेतली आहे, हे गावात दिवाळीपूर्वीच ठाऊक असते. त्याच वेळी शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेऊन मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवून हंगामी वसतिगृहाच्या योजनेचा लाभ देता येईल का हे पाहावे. हा मार्ग शक्य तेथे पहिला धरावा, कारण गुजरातेत गेलेल्या मुलास जवळची शाळा मिळाली तरी ती बहुधा गुजराती माध्यमाची असते. मुकादमाची उचल घेतलेल्या बापापुढे शिक्षणाचे महत्त्व या विषयावर भाषण करण्यात अर्थ नाही. जेवण कोण देणार, रात्री कोणाजवळ झोपणार, आजारी पडल्यास कोण पाहणार, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे त्यास हवी असतात, आणि ती तयार ठेवूनच त्याच्या घरी जावे. मुलीच्या बाबतीत हे प्रश्न आई विचारते.

जे मूल जाणारच आहे त्याच्याजवळ शिक्षण हमी पत्रक द्यावे. त्यावर 'इयत्ता तिसरी, नियमित विद्यार्थी' एवढेच लिहिले तर पुढच्या शिक्षकास काहीच बोध होत नाही. मराठीच्या पुस्तकात मूल कोणत्या पाठापर्यंत आले आहे, जोडाक्षरे वाचते की नाही, हातच्याची बेरीज येते पण हातच्याची वजाबाकी अद्याप सुरू झालेली नाही, घरी कोणती बोली बोलते, इतके चार ओळींत लिहावे. एक प्रत शाळेत ठेवावी. होळीनंतर मूल परत आले की वर्गाबरोबर संकलित चाचणीस बसविण्याआधी ती प्रत काढावी, आणि त्या चार ओळी जेथे संपतात त्या पानापासून त्याला वाचावयास सांगावे.